पहाटेचं पाणी मोजलंय का कधी?

मागच्या अंकात आपण म्हटलं होतं की लहान खाड्यांबद्दल, म्हणजे नदी जिथे समुद्राला मिळते तिथल्या मचूळ पाण्याबद्दल काही विचारायचं असेल तर लिहा, आणि पत्रं इतकी आली की सगळी घेणं शक्यच नाही. सारखे प्रश्न एकत्र केलेत. बहुतेकांनी तक्रार करून सोडून न देता स्वतः पाण्यात उतरून काहीतरी मोजायला सुरुवात केलीये हे वाचून खूप बरं वाटलं, म्हणून उत्तरंही जरा खोलात जाऊन देतो.

प्रश्न: गेल्या उन्हाळ्यात एका सकाळी आमच्या खाडीत शेकडो मासे मरून वर आले. त्यानंतर आम्ही सहा जणांनी मिळून ऑक्सिजन मीटर घेतला आणि दर शनिवारी सकाळी अकराला मोजतो. रीडिंग कायम लिटरमागे ९, १०, एकदा तर ११ मिलिग्रॅम आलं. ५ च्या वर असलं की चांगलं असं सगळीकडे वाचलंय, मग मासे मेले कशाने? कोणी विष टाकलं असेल का?

विषाचा संशय येणं साहजिक आहे आणि तो मी लगेच खोडून काढत नाही, पण तुमचं ते ११ च मला जास्त काळजीचं वाटतं. पाण्यात ऑक्सिजन मावायला एक मर्यादा असते. पाणी जितकं गरम आणि जितकं खारं तितका तो कमी मावतो. गोड्या पाण्यात १० अंशाला साधारण ११.३ मिलिग्रॅम मावतो, ३० अंशाला जेमतेम ७.५, आणि समुद्राइतकं खारं पाणी असेल तर ३० अंशाला सव्वासहाच्या आसपास. तुमच्या खाडीत उन्हाळ्यात २८ अंश तापमान आणि २० खारटपणा (म्हणजे किलोभर पाण्यात २० ग्रॅम क्षार) धरला तर तिथे मावणारा ऑक्सिजन साधारण ७. मग ११ आले कुठून? ते शेवाळाने बनवलेत. सूक्ष्म शेवाळ पाण्यात दाट झालंय आणि उन्हात ते जोरात ऑक्सिजन सोडतंय, म्हणजे पाण्यात मावतो त्याच्या दीडपट ऑक्सिजन आहे, आणि ही तब्येतीची खूण नाही, ताप असल्याची खूण आहे.

कारण सूर्य मावळला की तेच शेवाळ ऑक्सिजन सोडायचं थांबतं पण श्वास घ्यायचं थांबत नाही, मासेही घेतात, खेकडे घेतात, तळाच्या गाळातले जिवाणू तर सगळ्यात जास्त घेतात, आणि रात्रभर फक्त खर्चच चालू असतो, जमा काही नाही (हवेतून थोडा विरघळतो तेवढाच). त्यामुळे सगळ्यात कमी ऑक्सिजन असतो तो सूर्य उगवायच्या जरा आधी. दुपारी ११ दाखवणारी खाडी पहाटे २ वर येऊ शकते, आणि २ च्या खाली बहुतेक मासे तग धरत नाहीत. त्यातच दोनतीन दिवस ढगाळ गेले, वारा पडलेला, आणि भांगाची भरती असेल म्हणजे समुद्राचं ताजं पाणी फारसं आत येतच नाही, की झालं. मासे सकाळी मेलेले दिसले ना? दुपारी नाही. ऑक्सिजन संपून मेलेले मासे असेच सकाळी सापडतात.

म्हणून शनिवारचं अकराचं रीडिंग सुरूच ठेवा पण उन्हाळ्यात पंधरवड्यातून एकदा तरी पहाटे जा, उजाडायच्या आत. एकट्याने जाऊ नका, दोघं जा, लाइफ जॅकेट घाला. आणि वरचं पाणी मोजून परत येऊ नका, प्रोब (मीटरचा पाण्यात बुडवायचा भाग) तळापासून हातभर वर सोडून तिथलंही मोजा, खाडीत वरच्या थरात ६ आणि खाली १ असं सर्रास असतं.

मीटरबद्दल एक महत्त्वाचं. त्यात खारटपणाचं सेटिंग असतं ते शून्यावर राहिलं तर मीटर खाडीला गोडी नदी समजतो आणि समुद्राच्या पाण्यात ऑक्सिजन जवळपास पाचव्या हिश्श्याने जास्त दाखवतो. म्हणजे खरा ४.२ असेल तर तो तुम्हाला ५ सांगणार आणि तुम्ही निश्चिंत होऊन घरी जाणार. दर वेळी निघण्याआधी कॅलिब्रेट करा, म्हणजे मीटर माहीत असलेल्या आकड्याशी जुळवून घ्या, टोकाला पातळ पडदा असलेला प्रोब असेल तर पाण्यात हळूहळू हलवत ठेवा, नाहीतर तो स्वतःच्या भोवतीचाच ऑक्सिजन खाऊन कमी रीडिंग देतो. आणि अधूनमधून विंकलर पद्धतीने पडताळून बघा. हंगेरीच्या लायोश विंकलरने ही १८८८ साली काढली, बाटलीत बुडबुडा न राहता पाणी भरायचं, मँगनीजचं आणि आयोडाइडचं रसायन टाकायचं, ऑक्सिजन असेल तर तपकिरी साका बसतो, पुढचं टायट्रेशन, म्हणजे थेंब थेंब रसायन टाकून मोजणं, त्याच दिवशी लॅबमध्ये. कॉलेजच्या कुठल्याही रसायनशास्त्राच्या लॅबला हे जमतं आणि सव्वाशेपेक्षा जास्त वर्षं झाली तरी अजून मीटर याच्यावरच तपासतात.

प्रश्न: त्याच धक्क्यावर एकदा खारटपणा ८ आला आणि चार दिवसांनी २९. मीटर बिघडलाय का?

बहुतेक नाही. ३५ म्हणजे उघडा समुद्र (एक किलो पाण्यात ३५ ग्रॅम क्षार), शून्याच्या जवळ म्हणजे नदी, आणि खाडी दिवसभर या दोन्हींच्या मध्ये झुलत असते. दोन भरतींमध्ये साधारण १२ तास २५ मिनिटं जातात, म्हणून तुम्ही रोज घड्याळात त्याच वेळी गेलात तरी पाणी रोज वेगळ्या टप्प्यावर असतं, आज पूर्ण भरती तर आठवड्याने त्याच वेळी ओहोटी. वेगवेगळ्या दिवशी घड्याळात त्याच वेळी काढलेली दोन रीडिंगं शेजारी ठेवून तुलना करणारे खूप लोक मी बघितलेत आणि त्यांचा तक्ता शेवटी पाणी कसं आहे हे न सांगता भरती कधी होती एवढंच सांगतो.

यावर उपाय असा की नदीकडून काय येतंय ते बघायचं असेल तर दर वेळी ओहोटीच्या शेवटी मोजा, कारण तेव्हा आतलं पाणी बाहेर पडत असतं. कुठलीही वेळ पकडलीत तरी भरती किती वाजता होती ते वहीत लिहाच, आणि उधाण होतं की भांग तेही. हो, मघाशी मी पहाट म्हटलं आणि आता ओहोटी म्हणतोय, दोन्ही दर वेळी जुळणार नाहीत, म्हणून ऑक्सिजन घड्याळावर आणि बाकीचं भरतीवर असे दोन वेगळे फेरे ठेवले तर गोंधळ होत नाही.

अजून एक, खारं पाणी जड असतं. ते तळाने आत घुसतं आणि गोडं पाणी त्याच्यावरून बाहेर वाहतं, त्यामुळे पावसाळ्यात एकाच जागी वर ५ आणि खाली २५ मिळालं तर दचकू नका. हा थर पडणंच पुढे त्रासाचं होतं कारण वरची हवा खाली पोचत नाही आणि तळाचा ऑक्सिजन संपला की नवीन येत नाही.

प्रश्न: आमच्या खाडीत मुलं पोहतात. पाणी स्वच्छ, तळ दिसतो. तरी मागच्या महिन्यात तिघांना जुलाब आणि एकाच्या कानाला इन्फेक्शन. पाणी दिसतंय चांगलं मग तपासायची गरज आहे का?

हो, आहे, आणि लवकर करा. डोळ्यांना दिसणारा स्वच्छपणा आणि जंतू यांचा काही संबंध नाही. गळक्या सेप्टिक टँकमधून किंवा फुटलेल्या पाइपातून येणारं पाणी वाळूतून गाळून अगदी नितळ होऊन खाडीत येऊ शकतं.

लॅबमध्ये "एन्टरोकोकाय" तपासून द्या असं सांगा. हे आतड्यातले जिवाणू, स्वतः बहुतेक वेळा त्रास देत नाहीत पण ते सापडले म्हणजे विष्ठा पाण्यात मिसळलीये आणि तिच्याबरोबर आजार करणारे विषाणूही असू शकतात. गोड्या पाण्यात ई-कोलाय बघतात पण खाऱ्या पाण्यात ते लवकर मरतं, एन्टरोकोकाय जास्त टिकतात म्हणून समुद्राजवळ हेच मोजायचं. अंदाज यावा म्हणून आकडा सांगतो, अमेरिकेच्या पर्यावरण संस्थेने २०१२ साली पोहण्याच्या पाण्यासाठी १०० मिलिलिटरमागे ३५ अशी सरासरी सुचवली आणि १३० च्या वरची सॅम्पल दहात एकापेक्षा जास्त नकोत असं म्हटलं. तुमच्याकडे कायद्यातला आकडा वेगळा असेल तर तो धरा.

सॅम्पल कसं घेता यावर सगळं आहे. लॅबची निर्जंतुक बाटली घ्या आणि ती खाडीच्या पाण्याने विसळू नका, बाकीच्या सगळ्या तपासण्यांना विसळायची सवय असते म्हणून इथे हमखास चूक होते. कमरेएवढ्या पाण्यात उभं राहा, पायाने उडालेला गाळ वाहून जाऊ द्या, प्रवाहाच्या वरच्या बाजूला बाटली उलटी धरून कोपरभर खोल न्या, तिथे वळवून भरा, वर थोडी हवा ठेवा, झाकणाच्या आत बोट लावू नका. लगेच बर्फात, आणि सहा तासांच्या आत लॅबमध्ये. उन्हात डॅशबोर्डवर ठेवलेली बाटली देण्यापेक्षा न दिलेली बरी.

निकाल यायला एक दिवस जातो, म्हणजे तुमच्या हातात नेहमी कालचं पाणी असतं. म्हणून मी पालकांना सरळ नियम सांगतो की जोरात पाऊस झाला की पुढचे दोनतीन दिवस मुलांना पाण्यात सोडू नका, रिपोर्ट असो नसो. रस्त्यावरचं, गोठ्यातलं, गटारातलं सगळं त्या पहिल्या लोंढ्यात येतं. तपासणीही दोन प्रकारे करा, एक कोरड्या आठवड्यात आणि एक पावसानंतर. पावसानंतरच आकडा चढत असेल तर घाण वरून वाहून येतीये, पण आठवडाभर पाऊस नसताना चढलेला असेल तर कुठेतरी सांडपाणी सतत गळतंय, मग किनाऱ्याने वर वर जात दर थोड्या अंतरावर सॅम्पल घेत गेलात की जागा सापडते. पक्षी आणि कुत्र्यांमुळेही आकडा वाढतो, तेव्हा एका रिपोर्टवरून शेजाऱ्याच्या टाकीकडे बोट दाखवू नका.

आणि अंगावर उघडी जखम असेल किंवा लिव्हरचा आजार असेल तर उन्हाळ्यात कोमट मचूळ पाण्यात उतरू नका. व्हिब्रिओ नावाचे जिवाणू तिथे नैसर्गिकपणेच असतात, त्यांचा सांडपाण्याशी संबंध नाही आणि एन्टरोकोकायची टेस्ट चांगली आली तरी ते असू शकतात. जखम लाल होऊन भराभर सुजायला लागली तर तासही न घालवता डॉक्टरांकडे, आणि खाडीत उतरला होतात हे त्यांना आवर्जून सांगा.

प्रश्न: माशांच्या टँकसाठी आणलेलं नायट्रेट किट खाडीत चालेल का? आमचं कायम शून्य दाखवतं तरी पाणी हिरवं आहे.

किट खाऱ्या पाण्यासाठीचं असेल तर ढोबळ अंदाजाला चालेल, गोड्या पाण्याचं असेल तर क्षारांमुळे रंग चुकतो. पण तुमच्या शून्यात किट खोटं बोलतंय असंही नाही. नायट्रेट संपलंय कारण ते शेवाळाने खाल्लंय, म्हणजे ताट रिकामं आहे कारण जेवण पोटात गेलंय. म्हणून हिरव्या पाण्यात नुसतं नायट्रेट मोजून भागत नाही, लॅबमध्ये "एकूण नायट्रोजन" आणि "क्लोरोफिल-ए" (शेवाळातलं हिरवं द्रव्य) सांगा, मग शेवाळाच्या अंगात गेलेलंही धरलं जातं.

नायट्रोजनच का, तर सहसा तळी आणि नद्यांत फॉस्फरस कमी पडतो म्हणून शेवाळ थांबतं, आणि समुद्राजवळ बहुतेक वेळा नायट्रोजन कमी पडतो म्हणून थांबतं. खाडीत वरच्या अंगाला एक आणि तोंडाशी दुसरं असंही होतं. आल्फ्रेड रेडफील्ड या शास्त्रज्ञाने १९३४ मध्ये दाखवलं की समुद्रातल्या सूक्ष्म जिवांत नायट्रोजन आणि फॉस्फरस ठरावीक प्रमाणात असतात, आज ते १६ ला १ असं धरतात. शेतातलं खत, सेप्टिक टँक, सांडपाणी, पावसातून येणारा धूर, सगळीकडून नायट्रोजनच येतो आणि जमिनीखालच्या पाण्यातून आलेला तर वर्षानुवर्षं मागून येत राहतो, त्यामुळे आज खत कमी केलं तर लगेच या वर्षी फरक दिसेल अशी अपेक्षा ठेवू नका पण कमी मात्र करा.

प्रश्न: ओहोटीला काळा चिखल उघडा पडतो, सडक्या अंड्यासारखा वास येतो. सांडपाणी असेल का?

नुसत्या वासावरून नाही. खाडीच्या चिखलात वरच्या पातळ थराखाली ऑक्सिजन नसतोच, तिथले जिवाणू समुद्राच्या पाण्यातलं सल्फेट वापरून जगतात आणि त्यातून हायड्रोजन सल्फाइड निघतो, वास त्याचा. निरोगी खाडीतही असतो. काडीने चिखल उकरून बघा, वर तपकिरी थर आणि त्यात किड्यांची बिळं असतील तर ठीक आहे. वरपासूनच काळा आणि जिवंत काही नाही, शिवाय पांढुरकी साय धरलेली, तर मात्र लक्ष द्या.

प्रश्न: शाळेतल्या मुलांना घेऊन काहीतरी सुरू करायचंय, पैसे अजिबात नाहीत.

सेकी डिस्क करा! पाणी किती पारदर्शक आहे ते मोजायची गोल तबकडी, २० सेंटिमीटरची, चार भाग करून दोन काळे दोन पांढरे रंगवायचे, खाली वजन, वर खुणा केलेली दोरी. सोडत जायचं, दिसेनाशी झाली की आकडा घ्यायचा, वर ओढताना पुन्हा दिसली की घ्यायचा, दोन्हींची सरासरी. आंजेलो सेकी हे इटलीतले पाद्री आणि खगोलशास्त्रज्ञ, त्यांनी १८६५ मध्ये पोपच्या जहाजावरून भूमध्य समुद्रात अशा पांढऱ्या तबकड्या सोडून बघितल्या आणि ती पद्धत अजून तशीच चालू आहे. गॉगल घालू नका, शक्यतो दुपारच्या आसपास आणि होडीच्या सावलीच्या बाजूने मोजा. उथळ खाडीत तबकडी तळाला टेकली तरी दिसत असेल तर खोलीचा आकडा पारदर्शकता म्हणून लिहू नका, "तळ दिसला" असंच लिहा.

मुलांना अमेरिकेतल्या बर्नी फाउलर यांची गोष्ट सांगा. ते मेरीलँड राज्याचे सिनेटर होते, तरुणपणी पॅटक्सेंट नदीच्या खाडीत छातीएवढ्या पाण्यात उभं राहूनही पायाखालचं त्यांना दिसायचं. १९८८ पासून ते दर जूनमध्ये पांढरे बूट घालून लोकांबरोबर पाण्यात चालत जायचे आणि बूट दिसेनासे झाले की पाणी कुठवर आलंय ते मोजायचे. लोक त्याला बुटाचा निर्देशांक म्हणायला लागले. शास्त्रीयदृष्ट्या ते ढोबळच आहे पण तीस वर्षं एकाच जागी एकाच पद्धतीने केलेलं मोजमाप आहे, आणि ते पहिलीतल्या मुलालाही कळतं.

पारदर्शकता का महत्त्वाची तेही त्यांना सांगा, तळावरच्या सागरी गवताला वरच्या उजेडाचा साधारण १० ते २० टक्के भाग लागतो तर सूक्ष्म शेवाळाला १ टक्काही पुरतो. पाणी गढूळ झालं की गवत जातं, आणि त्यात वाढणारी माशांची पिल्लं, कोळंबी सगळं जातं.

प्रश्न: दोन वर्षं मोजतोय. अधिकाऱ्यांना दाखवलं तर म्हणतात हौशी लोकांचा डेटा, विश्वास कसा ठेवणार. काय करू?

वाईट वाटलं वाचून. पण हे तोडता येतं. दर दहा सॅम्पलमागे एक दुहेरी घ्या, म्हणजे त्याच जागी लगेच दुसरी बाटली, आणि एक कोरं सॅम्पल, शुद्ध पाण्याची बाटली खाडीवर नेऊन तशीच हाताळून परत आणलेली. दोन बाटल्यांचे आकडे जवळ आले आणि कोऱ्यात काही सापडलं नाही तर तुमच्या हाताळणीवर कोणाला बोट ठेवता येत नाही. कॅलिब्रेशन कधी केलं त्याची वेगळी वही ठेवा. चुकलेलं रीडिंग खोडरबराने पुसू नका, एक रेघ मारून बाजूला कारण लिहा. त्यांना आधीच विचारा की तुम्ही कुठली पद्धत मान्य करता आणि ती लेखी घ्या, मग तिनेच मोजा.

आणि ज्या दिवशी काहीच घडलं नाही ते आकडे "काय उपयोग" म्हणून टाकू नका हो. उद्या काही बिघडलं तर आधी कसं होतं हे फक्त तुमच्याच वहीत असणार आहे.

प्रश्न: पुन्हा मासे मेले तर पहिल्या तासात काय करायचं?

पहिलं, ऑक्सिजन मोजा, वर आणि तळाला, लगेच, कारण ऊन चढलं की आकडा चढतो आणि पुरावा जातो. त्याबरोबर तापमान, खारटपणा, पीएच. मग बघा कोण मेलंय. ऑक्सिजन संपला असेल तर बहुधा मोठे मासे आधी जातात आणि उरलेले पाण्याच्या वर तोंड काढून धापा टाकताना दिसतात, खेकडे काठावर चढून आलेले असतात. लहानमोठे, खेकडे, किडे सगळं एकदम मेलं असेल, किंवा मासे गरगर फिरत असतील आणि ऑक्सिजन मात्र ठीक असेल, तर विषाचा संशय धरा. तसं असेल तर पाण्याला हात लावू नका, हातमोजे घाला, स्वच्छ काचेच्या बाटलीत काठोकाठ पाणी भरून अंधारात गार ठेवा, एक मेलेल्या माशांजवळचं आणि एक प्रवाहाच्या वरच्या बाजूचं. तपासायला मेलेला फुगलेला मासा देऊ नका, मरायला टेकलेला द्या, पिशवीत घालून बर्फावर, आणि फ्रीझरमध्ये ठेवू नका कारण गोठलं की पेशींची तपासणी नीट होत नाही. फोटोंत वेळ दिसू द्या. आदल्या तीन दिवसांचं हवामान आठवून लिहा, ढग, पाऊस, वारा. आणि त्या दिवशी ते मासे कोणाला खाऊ देऊ नका, जनावरांनाही नाही.